आधी पेन, मग दृष्ट

अक्षता : चुकलं. परत.

विमला : काय चुकला? टोचलंय ना?

अक्षता : तुम्ही उशीला टोचलंत, आई. मुलगी उशीच्या अलीकडे आहे.

इरावती : मी इकडे आहे आजी. ही बघ मांडी.

विमला : तू हलतंस कित्याक? पेशंट हलता काय खय?

इरावती : मला गुदगुल्या होतात.

अक्षता : इरा, तू ॲलर्जी आलेली मुलगी आहेस. हसायचं नाही, नीट पडून राहा. आई, पहिल्यापासून. प्रश्न पहिला. पेन कुठंय?

विमला : ह्या काय, हातात.

अक्षता : हे खोटं. डॉक्टरांनी सरावाला दिलंय, याला सुई नाही. खरं कुठे असतं?

विमला : देव्हाऱ्यात.

अक्षता : देव्हाऱ्यात का?

विमला : थयसर कोण हात लावणा नाय म्हणान. रवळनाथाच्या मागे ठेवलंय. तेची नजर आसा.

अक्षता : आई, ते इंजेक्शन आहे. इराचा श्वास अडकला तर ते क्षणात हाताला लागलं पाहिजे. आधी निरांजन उचला, मग फुलं काढा, मग देवाला सरकवा, असं नाही चालणार.

विमला : मगे फ्रिजात ठेवतंय.

अक्षता : फ्रिजमध्ये चालत नाही.

विमला : इतक्या लांबसून मागवलला औषध आणि फ्रिजात चालणा नाय? कसला औषध ता?

अक्षता : साधा नियम आहे. जिथे इरा तिथे तुम्ही. जिथे तुम्ही तिथे पेन. परवा सोमवार. मी पवईला ऑफिसात असेन, सुबोध ठाण्याला असेल, इथे विक्रोळीत तुम्ही दोघीच. कळतंय ना?

विमला : कळता. माझी सासू माझी परीक्षा घेय, कालवणाची. आता सून घेता, इंजेक्शनाची. माझ्या नशिबात पेपर तपासणारा कोणतरी आसाच.

अक्षता : सासूबाईंच्या परीक्षेत पास झाला होतात?

विमला : शेवटपर्यंत नाय. ‘खोबरा बारीक नाय वाटलंस,’ असा म्हणत गेली.

अक्षता : या परीक्षेत पास व्हायलाच लागेल. प्रश्न दुसरा. इराला काय द्यायचं नाही?

इरावती : मी सांगते! अंडं नाही. ऑम्लेट नाही. केक नाही. मेयोनीज नाही. बिस्किट विचारून, पाव विचारून, नान विचारून. आणि कोणी म्हणालं ‘थोडंसं खा, काही होत नाही’, तर म्हणायचं ‘तुम्हाला होत नाही’.

विमला : ह्या कोणी शिकवल्यान तेका?

अक्षता : मी. पुढे.

विमला : पुढे काय? डॉक्टरान सांगल्यापासून ह्या घरात अंडा नाय इला. माझो झील सुबोध अंड्याच्या रश्श्यासाठी तडफडता, तरी नाय. नाताळात शेजारच्या माधुरीन केक पाठवल्यान, मी दारातसूनच परत धाडलंय. उंबरो ओलांडूक दिलंय नाय.

अक्षता : हे मात्र खरंय. त्याचे पूर्ण मार्क.

विमला : लिव खयतरी.

अक्षता : प्रश्न तिसरा. अंगावर पुरळ उठलं, पण बाकी ती खेळतेय, बोलतेय. काय करणार?

विमला : बाटलीतला औषध देवचा. तुका फोन करूचो. आणि तेच्या तोंडाकडे बघित बसाचा. टीव्ही बघूचो नाय.

अक्षता : शाबास. आता चौथा, सगळ्यात महत्त्वाचा. पुरळ उठलंय आणि शिवाय उलटी होतेय. किंवा आवाज बसलाय, छातीत घरघर होतेय, किंवा ती लुळी पडलीय. पहिलं काय?

विमला : पयली दृष्ट...

अक्षता : पहिलं पेन!

विमला : पेन मारतलंय गो! मी खय नाय म्हणतंय? पण दृष्ट काढूक कितकोसो वेळ लागता? तू पेन शोधीपर्यंत माझी दृष्ट काढून होता.

अक्षता : पेन शोधायचंच नाहीये! त्यासाठीच तर पहिला प्रश्न होता!

इरावती : मम्मा, मी अजून ॲलर्जी आलेली आहे का?

अक्षता : आहेस. पडून राहा. आई, नीट ऐका. निळं टोपण काढायचं. केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लेगिंगवरूनच. जोरात दाबायचं. तीन आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं.

विमला : आकडे मोजताना माझो जीव जायत. घाईत मी एकाचे तीन मोजीन.

अक्षता : मग काय मोजणार?

विमला : देव घेतंय. वेतोबा. सातेरी. रवळनाथ. देवांची नावा मी घाईत घेणंय नाय.

अक्षता : म्हणून दाखवा. ... चालेल. बरोबर तेवढाच वेळ लागतो.

विमला : लागतलोच. पावणारे देव आसत.

अक्षता : मग तिला आडवंच ठेवायचं, पायाखाली उशी. एकशे आठला फोन. मग मला. मग माधुरीताईंना हाक. बरं वाटलं नाही तर दुसरं पेन आहे, ते कधी द्यायचं ते फोनवर सांगतील. आणि एवढं सगळं झालं, गाडी निघाली, तुम्ही नुसत्याच बसलायत, तर मग काढा दृष्ट. माझी हरकत नाही. पण तिला उभं करायचं नाही.

विमला : दृष्ट उभ्यान काढतत.

अक्षता : झोपलेलीच काढा.

विमला : आडव्या माणसाची दृष्ट काढणा वाईट दिसता गो.

अक्षता : अशा वेळी उभं केलं की ब्लडप्रेशर धाडकन पडतं. ते जास्त वाईट दिसतं.

विमला : बरा. आडवीच काढतंय. तू म्हणतंस म्हणान.

अक्षता : कशानं काढणार?

विमला : मीठ, मोहरी, सुक्यो मिरच्यो. मिरच्यो तव्यार टाकूच्यो.

अक्षता : मिरच्या नाहीत. श्वास अडकलेल्या पोरीला मिरच्यांचा धूर? मीठ-मोहरी, आणि जाळायचं काही नाही. ठरलं?

विमला : ठरला.

इरावती : नाही मम्मा. अंडं.

अक्षता : अंडं नाही, बाळा. अंडं तुला चालत नाही ना?

इरावती : खायचं नाही. आजी फिरवते ना, ते. टाकीच्या मागे. असं डोक्यावरून, मग असं पोटावरून, मग पायापर्यंत. मी डोळे बंद करते. मग आजी म्हणते ‘गेली गो गेली’.

अक्षता : आई?

विमला : ता मोठ्या दृष्टीक. बारक्या दृष्टीक मीठ-मोहरी, मोठ्या दृष्टीक अंडा. रोज नाय काढीत. फक्त अवसेक.

अक्षता : अंड्यानं.

विमला : होय.

अक्षता : अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलीची दृष्ट तुम्ही अंड्यानं काढता.

विमला : खाऊक खय देतंय? ओवाळतंय.

अक्षता : आपलं ठरलं होतं ना, या घरात अंडं...

विमला : घरात आणूचा नाय म्हटलंस. आणलंय काय? दादूच्या दुकानात एक घेतंय, खाली टाकीच्या मागे काढतंय, चेडवाक, इराक, वरती सोडतंय आणि अंडा घेवन तिठ्यार जातंय. उंबऱ्याच्या आत टरफल इला नाय. उगाच आळ घेव नको.

अक्षता : तिठ्यावर. म्हणजे आपल्या गेटबाहेर, तीन रस्ते मिळतात तिथे?

विमला : दृष्ट तिठ्यारच टाकतत. बसस्टॉपार टाकू काय?

अक्षता : जयवंतकाकांनी सोसायटीच्या ग्रुपवर एका फुटक्या अंड्याचा फोटो टाकला होता.

विमला : बघलंय. स्पष्ट इलो होतो.

अक्षता : त्याच्याखाली मी लिहिलं होतं, ‘हे कोण अडाणी लोक आहेत? आमच्या घरात ॲलर्जीचं मूल आहे. कुणाच्या चपलेला लागून घरात आलं तर?’ अख्ख्या ग्रुपनं खाली हात जोडले होते. आई, तुम्हीपण हात जोडले होते!

विमला : तुझा बरोबर होता म्हणान जोडलंय.

अक्षता : मग?

विमला : मगे तिठो बदललंय. आता नाल्याच्या पलीकडे जातंय. गुडघे बोंबलतत, पण तू लिवलंस ना तसा.

अक्षता : आणि काकांनी त्यानंतर कॅमेरा लावला. माझ्या सांगण्यावरून. सगळ्यांकडून वर्गणी काढून.

विमला : लावूक व्हयो होतो. लोकांका अक्कल नाय.

अक्षता : मला एक सांगा. अवसेला संध्याकाळी तुम्ही भाजी आणायला जाता ना?

विमला : भाजी पण आणतंय.

इरावती : आजी कोथिंबीर आणते.

अक्षता : अवस. थांबा. अवस... आई, तिच्या गालावर पुरळ उठतं, ते अवसेला उठतं.

विमला : ताच तर! दृष्ट अवसेक जोर करता. तू त्या साबणाच्या मागे लागलंस, पण माका पयल्यापासून म्हायत होता. म्हणान तर काढतंय.

अक्षता : पहिल्यांदा काढलीत तेव्हा पुरळ आधी उठलं होतं की नंतर?

विमला : पयल्या वेळेक? पयल्या वेळेक पुरळ नव्हता. ता तिन्हीसांजा झाल्यार इला. मी म्हटलंय, बघ, नजर भायर पडली. किती आतमधी होती!

अक्षता : मग पुढच्या अवसेला परत अंडं.

विमला : नजर परत इली तर परत काढूक नको?

अक्षता : काढून झाल्यावर काय करता ते मला सगळं सांगा. काही गाळू नका. हातानं करून दाखवा.

विमला : तू पोलिसासारखा इचारतंस.

अक्षता : करा.

विमला : तिठ्यार एक दगड आसा. तेच्यार अंडा फोडतंय. माझी आये सांगायची, नुसता टाकूचा नाय, फोडून बलक हातात घेवन बघूचो. डाग दिसलो तर नजर मोठी. मगे ता टाकून सरळ घराक. मागे बघूचा नाय, वाटेत कोणाशी बोलाचा नाय.

अक्षता : हाताला लागलेलं?

विमला : पदराक पुसतंय.

अक्षता : आणि घरी आल्यावर हात धुता.

विमला : धुतंय तर. पण पयली चेडवाची अलाबला घेवची लागता. नाय तर काढलली दृष्ट फुकट जाता. अशी. दोनी हात तेच्या गालांवरसून फिरवूचे आणि बोटा आपल्या कानशिलार मोडूची. कडाकडा मोडतत. माधुरीक पण आयकाक येतत.

इरावती : मला आवडतं ते.

अक्षता : मी समोर असते. आई, मी दारात उभी असते! तुमच्या हातातली भाजीची पिशवी मी घेते, तुम्ही तिचे गाल धरता, आणि मी ‘किती गोड’ म्हणून फोटो काढते. सुबोधच्या डीपीला तोच फोटो आहे. कच्चं अंडं लागलेले हात माझ्या मुलीच्या तोंडावर फिरतायत आणि मी फोटो काढतेय.

विमला : फोटो चांगलो इलोय.

अक्षता : मी तिचा साबण बदलला. टूथपेस्ट बदलली. टॉवेल फेकून दिले. माधुरीताईंच्या मांजराला बिल्डिंगमधून घालवलं.

विमला : मांजर बरा होता.

अक्षता : सुबोधला दिवाळीपासून तिची पापी घेऊ देत नाही मी. म्हटलं हा स्टेशनवर बुर्जी-पाव खाऊन येतो आणि तसाच पोरीला जवळ घेतो. शपथा घेत होता बिचारा.

विमला : तो खाता.

अक्षता : काय?

विमला : शनवारी. पण चूळ भरून येता. मी बघलंय.

अक्षता : त्याचं नंतर बघते. आणि डॉक्टर! हॉस्पिटलमध्ये बसवून, त्यांच्या डोळ्यासमोर, तिला केकचा बारीक तुकडा देऊन बघणार होते ना? भाजलेलं अंडं तरी पचतंय का ते? ती चाचणी दोनदा पुढे ढकलली. का? दर महिन्याला हिला कशानं पुरळ उठतं तेच कळत नाही म्हणून. मला डॉक्टर म्हणाले, ‘घरात नीट लक्ष ठेवा.’ मला म्हणाले. मी रडत घरी आले होते.

विमला : आठवता. त्या दिवशी तुझी पण काढलंय होतंय.

अक्षता : माझी?

विमला : तू निजलंस तेव्हा.

अक्षता : कशानं?

विमला : मीठ-मोहरीन. तुझी बारकी होती.

(कुकरची शिट्टी होते. कोणी उठत नाही. विमला आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघते.)

विमला : म्हणजे ता पुरळ माझ्या हातान इला.

अक्षता : हो.

विमला : मी नजर काढूक गेलंय आणि मीच लायलंय.

अक्षता : नजर नव्हती हो आई. अंडं होतं.

विमला : माझी बोटा दिसत होती तेच्या गालार. तू म्हणालंस पण एकदा, ‘बोटांसारखे वळ उठलेत.’ मी म्हटलंय, कोणीतरी मेल्यान मारल्यान असात शाळेत. शाळेत जावन भांडलंय मी.

अक्षता : माहितेय. टीचर अजून माझ्याशी बोलत नाही.

इरावती : मम्मा, मी उठू? मला कंटाळा आला ॲलर्जीचा.

अक्षता : मला पण, बाळा. ऊठ. आई, मी सोमवारी नाही जात. फोन करून सांगते त्यांना.

विमला : कित्याक नाय जातंस? इतकी वर्सा घरात काढलंस. नोकरी काय दारात येवन उभी रवतली परत? तेका पाळणाघरात घाल.

अक्षता : पाळणाघरात शुक्रवारी ऑम्लेट असतं. त्या बाई म्हणाल्या, ‘आम्ही हिला लांब बसवू.’ एक टेबल लांब.

विमला : तुझ्या आयेक बोलव.

अक्षता : तिच्या पायाला प्लास्टर आहे.

विमला : मगे मीच आसंय.

अक्षता : हो. मग तुम्हीच आहात. म्हणूनच नाही जात. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. मला कळतंय. पण मला न सांगता केलंत. उद्या आणखी काही न सांगता कराल आणि मी पवईला बसलेली असेन.

विमला : सांगलंय असतंय तर करूक दिलं असतंस?

अक्षता : नाही.

विमला : मगे.

अक्षता : ‘मगे’ काय? मी नाही म्हणाले असते म्हणूनच सांगायचं होतं!

विमला : अक्षता, त्या पयल्या दिवशीची गोष्ट आठव. डॉक्टरान सांगलेल्या वयाक तू अंड्याचो घास भरवलंस, तुझी चूक नव्हती ती. कोंबडीबरोबरचे वडे फुगतत तसे तेचे गाल फुगले. आपण रिक्षेत बसलो. तू तेका मांडयेर घेतलंस, एका हातान तेचा डोक्या धरलंस, दुसऱ्या हातान डॉक्टराक फोन लायलंस, रिक्षावाल्याक शिव्या घातलंस. असल्यो शिव्यो तुका येतत ह्या माका म्हायत नव्हता. माझ्या हातात काय होता सांग?

अक्षता : काय?

विमला : तुझी पर्स. अख्ख्या वाटेर मी तुझी पर्स घट्ट धरून बसलंय. पोर निळा पडता आणि मी पर्स धरलंय. घराक इल्यार माका वाटला, ह्या हातांका कायतरी काम व्हया. माझ्या आयेन माका एकच काम शिकवल्यान होता पोरांसाठी. ताच केलंय.

अक्षता : त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये आत जाताना मी मागे वळून बघितलं. तुम्ही ती पर्स छातीशी धरून उभ्या होतात. मला वाटलं, यांना पर्सचं पडलंय.

विमला : पर्सचा माका काय पडलाहा? तेच्यात तुझी फणी नि बिस्किटा.

इरावती : आजी! आजी! मी परत ॲलर्जी आलेली मुलगी आहे. खों. खों खों. माझा आवाज पण गेला.

अक्षता : इरा, आता नको. आणि आवाज गेला तर बोलतेयस कशी?

इरावती : हळू बोलतेय. खों. आजी, हे नाटक आहे. खरं झालं तर मी ‘खरं’ म्हणेन.

विमला : बाजूक हो गो अक्षता.

अक्षता : आई, असू दे, नंतर...

विमला : बाजूक हो म्हटलंय ना! आडवी पड बाय. उठाचा नाय. निळा टोपण... भायर. केशरी टोक मांडीर. भायरच्या बाजूक. दाबलंय. वेतोबा. सातेरी. रवळनाथ. काढलंय. उशी दे ती हयसर. पाय वर. फोन खय आसा? एकशे आठ. ‘विक्रोळीसून बोलतंय. चार वर्षांचा चेडू. अंड्याची ॲलर्जी. पेन मारलंय.’ मगे तुका फोन. मगे अगे माधु...

अक्षता : आई, खरीच हाक मारू नका!

विमला : मारूक नाय. नुसता तोंड उघडलंय.

इरावती : आजी, मी वाचले?

विमला : वाचलंस. गप पडून रव.

अक्षता : आणि दृष्ट?

विमला : कसली दृष्ट आता? गाडी येता.

अक्षता : गाडीला वेळ आहे. हायवेला सिग्नल लागतो.

विमला : मगे पयली हात धुवन येतंय. साबणान.

इरावती : मम्मा, बाबा आता माझी पापी घेऊ शकतो?

अक्षता : घेऊ शकतो. तोंड साबणानं धुऊन.

इरावती : साबण खाऊन?

अक्षता : शनिवारी खाल्लेलाच बरा. ऊठ आता, गाडी आली, डॉक्टर आले, तुला बरं वाटलं. जा, माधुरीताईंचं मांजर परत आणायचं का, ते विचारून ये.

इरावती : त्याला पण अंडं चालत नाही?

अक्षता : त्याला सगळं चालतं. त्याला सॉरी म्हणायचंय.

विमला : धुतलंय. खय गेला चेडू?

अक्षता : शेजारी. आई, मीठ-मोहरी आणलीत?

विमला : चेडूच नाय तर कित्याक?

अक्षता : इतक्या वर्षांनी ऑफिसात जाणार. नवीन माणसं. बघतील, काहीबाही बोलतील.

विमला : तू मानणंस नाय ह्या असला.

अक्षता : मानत नाहीच. तुम्ही काढा. पण हात दाखवा आधी.

विमला : हे बघ.

अक्षता : मागून. नखं.

विमला : माझी सासू पण इतकी बघी नाय. बस. पूर्वेक तोंड कर. आल्या-गेल्याची, रस्त्यातल्याची, हापिसातल्या बायांची, लिफ्टीत बघतल्यांची, जयवंताच्या कॅमेऱ्याची...

अक्षता : हसवू नका.

विमला : पेशंट हसता काय खय? ...पाळणाघरवालीची, शाळेतल्या टीचरची, माझी...

अक्षता : तुमची कशाला?

विमला : असूंदे. हातासरशी. ...सगळ्यांची नजर जळान जांव. गाल हयसर कर.

अक्षता : थंड आहेत हात तुमचे.

विमला : धुतले मा आताच. ...एक पण बोट मोडला नाय बघ. कोणाची नजर नाय तुका.

अक्षता : मग सोमवारी जाऊ?

विमला : जा.

अक्षता : शेवटचा प्रश्न. पेन कुठंय?

विमला : कमरेक. रवळनाथाक सांगान काढलंय, आता ता माका व्हया म्हणान.